जिंकणं परवडत नाही

८ ऑक्टोबर, बुधवार

गेला! आणखी एक चेंडू गेला! आचलनं असा हाणला की मैदान, बांध, बाभूळ सगळं ओलांडून सरळ रहांगडाल्यांच्या धानात. कमरेएवढं धान, खाली चिखल. बारा जणी वाकून शोधून राहिलो. रहांगडाले काकू बांधावरून ओरडून राहिली, "पोट्ट्यांनो, लोंब्या झडतेत ना वं!" पांढरा चेंडू चिखलात पडला की पांढरा राहत नाही, ही गोष्ट चेंडू बनवणाऱ्याला कोणीतरी कळवा. सापडलं काय — एक खेकडा आणि खुशीची मागच्या महिन्यात हरवलेली चप्पल. चेंडू नाही.

उरले तीन. आचल म्हणे, "पण शॉट कसा होता वं?" शॉट म्हणे! बॅट तिच्याच डोक्यात घालावी वाटली.

शालीकराम सर आमचे क्रीडाशिक्षक. मूळचे कबड्डीवाले. बेसबॉल मोबाईलवर पाहून शिकवतात, नेट गेलं की पुन्हा कबड्डी सुरू. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "रेणू, तू बी.कॉम.ले आहेस न? मंग कॅप्टन त तू आहेसच, आजपासून पैशाचंबी तूच पाह्यजो." एवढं बोलून चहा प्यायला गेले. माझ्या पैशानं!

१० ऑक्टोबर

प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली. म्हणाले, "बेसबॉलले सहा हजार." मी म्हटलं, क्रिकेटले? "क्रिकेटचं वेगळं आहे." वेगळं म्हणजे साठ हजार आणि नवीन बूट. बूट!

मग मी विचारलं, सर, पोरांची बेसबॉल टीम काऊन बंद केली? तर हसून म्हणाले, "पोरींले एसटीत अर्धं तिकीट लागते बाई. अर्ध्यात टीम जाते नागपूरले." म्हणजे आम्ही टीममध्ये आहोत ते खेळामुळे नाही, तिकिटामुळे! बाहेर येऊन पोरींना सांगितलं. खुशी म्हणाली, "मंग आपण दोनदा जाऊ शकतो." तिला गणितात पास कोणी केलं, देव जाणे.

मागच्या वर्षी तर गेलोच नाही. पैसे संपले. त्याच्या मागच्या वर्षी गेलो आणि पहिल्याच मॅचला हरून आलो. हे माझं शेवटचं वर्ष. जूनपासून गोंदियाला हिरालाल मामाच्या राईस मिलमध्ये हिशेबाला बसायचं, असं आईसमोर कबूल करून बसली आहे. एकदा, फक्त एकदा नागपूरला जाऊन एक मॅच जिंकायची आहे. एवढंच. मग बसते तांदळाचे कट्टे मोजत.

१३ ऑक्टोबर

नियम केला. जिचा चेंडू धानात जाईल, तिनंच जाऊन शोधायचा. बाकीच्यांनी जागा सोडायची नाही. नाही सापडला तर पन्नास रुपये दंड. आचल म्हणाली, "हा माझ्यासाठीच नियम केला तू!" हो, तुझ्यासाठीच!

१८ ऑक्टोबर

आज कोणी बॅटच हलवली नाही. चेंडू येते, पोरगी पाहते, चेंडू जाते. सर म्हणाले, "हा बेसबॉल होय का सत्यनारायणाची पूजा?" पण एकही चेंडू हरवला नाही! मी खूश.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

मामा आला. आईनं ओवाळलं, ताटात पैसे पडले, तेवढ्यात मी म्हटलं, मामा, जर्सी करून दे ना. आई डोळे मोठे करून पाहून राहिली. मामा व्यापारी माणूस. विचारतो, "पीछे मेरा नाम आएगा क्या?" म्हटलं, येईल. "फोन नंबर?" म्हटलं, तोबी येईल. "मग दिल्या!"

आई म्हणाली, "धान कापणीच्या दिवसात पोट्ट्या चेंडू खेळाले जातेत, आन तू कपडे शिवून देतेस!" मामा म्हणाला, "ताई, गोंदियात चौकात बोर्ड लावतो त महिन्याचे किती लागतात माहीत आहे का तुले? हे बारा चालते-फिरते बोर्ड आहेत." बोर्ड म्हणे! असू दे. जर्सी तर मिळाली.

१ नोव्हेंबर

जर्सी आली. भगवा रंग, चांगली आहे. पाठीवर हे एवढ्या मोठ्या अक्षरात: हिरालाल राईस मिल, गोंदिया. उसना, अरवा, कनकी — ठोक व चिल्लर. म्हणजे उकडा तांदूळ, साधा तांदूळ आणि तुकडा. खाली मोबाईल नंबर. जागाच संपली! आमचे नंबर टाकायचे कुठं? सर म्हणाले, "नंबर आहे ना." आहे, सर. दहा आकडी आहे. आणि बाराही जणींचा एकच आहे.

आता प्रत्येकीच्या छातीवर पांढऱ्या कापडाचा आकडा शिवून राहिली मी. कॅप्टन, खजिनदार आणि शिंपीण.

८ नोव्हेंबर

काल गावची मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा. दिवसा बाजार आणि दंडारीचा नाच, रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक. आजूबाजूच्या वीस गावची माणसं येतात, ती मोटरसायकलीनंच येतात. मंडई कमिटीचे केशोराव काका यांच्याकडे मी आठ दिवसांपासून चकरा मारून राहिली होती — गाडीस्टँड आम्हाला द्या! काका म्हणत, "बाया स्टँड चालवतेत का कुठी?" मी म्हटलं, दरवर्षी पोट्टे चालवतात, अर्धे पैसे दारूत जातात, आमचे नाही जाणार. हे पटलं त्यांना.

दहा रुपये गाडी. खुशी टोकन वाटे, मी पैसे घेई, आचल बॅट खांद्यावर घेऊन रांगेच्या तोंडाशी उभी. एक दादला म्हणाला, "मी सरपंचाचा जावई आहे, मी पैसे नाही देत." आचलनं नुसती बॅट या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. जावयानं वीस दिले आणि वरचे परत नाही मागितले! पहाटे नाटक सुटलं तेव्हा सगळे एकदम गाड्यांवर तुटून पडले. एका बुवानं दुसऱ्याचीच गाडी सुरू करून वर आमच्यावरच ओरडणं सुरू केलं. टोकन पाहून त्याची त्याच्या ताब्यात दिली. एक गाडी हरवली नाही, एक आरसा फुटला नाही. केशोराव काका म्हणाले, "पोट्ट्यांपेक्षा बऱ्या आहात वं तुम्ही!"

नाटक कोणतं होतं, काही माहीत नाही. रडण्याचे आवाज चांगले येऊन राहिले होते.

१४ नोव्हेंबर

आज सरांशी भांडण. स्टँडचे पैसे आणि कॉलेजचे पैसे मिळवून बजेट केलं. प्रवेश फी, एसटी, चेंडू, जेवण. झोपायला तिथलं कॉलेज एक वर्ग देते, त्याचे पैसे नाही. स्पर्धा तीन दिवसांची, हरलं की घरी. मी तिन्ही दिवसांचं जेवण धरलं होतं. सर म्हणाले, "दुसऱ्या दिवसाचं कायले धरून राहिली? पहिल्या मॅचले हरतो, संध्याकाळच्या गाडीनं वापस. बेटा, इमानदारीनं बजेट कर."

इमानदारीनं! असा राग आला! पण खुशी आमची कॅचर, बॅटवालीच्या मागे बसते, आणि तोंडावर भावाचं मोटरसायकलचं हेल्मेट घालते. त्याची काच लावली की तिला चेंडू दिसत नाही, उघडली की नाकावर बसतो. दोनदा बसला आहे. कॅचरची जाळी घ्यायची तर पैसे कुठून? दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या जेवणातूनच.

खुशीचं नाक की आमचं पोट? शेवटी नाक घेतलं. बजेटमध्ये लिहिलं: मुक्काम एक दिवस. हरायचं ठरवूनच चालली आहे मी.

२ डिसेंबर

उद्या. आईनं बारा जणींसाठी ढीगभर तिखट पुऱ्या केल्या आणि वर म्हणते, "हात-पाय मोडून नको येजो. मामाच्या गादीवर बसाचं आहे."

३ डिसेंबर, नागपूर

जिंकलो! सत्यानाश!

नीट लिहिते. आठ कॉलेजं. आमच्यासमोर नागपूरचंच एक मोठं कॉलेज — त्यांची बॅग आमच्या तीन बॅगांएवढी, प्रत्येकीची वेगळी बॅट. अंपायर आमच्या पाठी वाचत उभे होते. एकानं तर विचारलं, "कनकी कैसे दिए?"

त्यांची पिचर उंचपुरी, फेक अशी की डोळे मिटावे. पण दिशा नाही! चेंडू कधी डोक्यावरून, कधी पायाखालून. आणि आम्ही? आम्ही बॅट हलवतच नाही. दोन महिने धानाच्या भीतीनं पक्की सवय झालेली. चेंडू येते, आम्ही पाहतो, चेंडू जाते. चार चेंडू वाकडे पडले की बॅटवाली आपोआप पहिल्या बेसवर जाते, तेही फुकटात! आम्ही एकामागून एक चालत गेलो. पुढच्यांना ढकलत ढकलत घरी, म्हणजे होम बेसला, पोचवलं; पोचली की एक धाव. त्यांचा कोच ओरडून राहिला, "ये मारते क्यों नहीं?" अरे बाबा, चेंडू चारशेचा आहे! ती पिचर शेवटी रडायला लागली. मलाही वाईट वाटलं, पण मी हलली नाही.

अकरा–सात. पोरी नाचून राहिल्या. मी आणि सर एकमेकांकडे पाहून राहिलो. सरांचा चेहरा उतरलेला. "रेणू, आता खासान काय?" पुऱ्या दुपारीच संपल्या होत्या. खिशात फक्त परतीच्या तिकिटाचे पैसे. सर हळूच म्हणाले, "उद्या जरा… सांभाळून खेळा. गेली त गेली मॅच." मी म्हटलं, सर, तीन वर्षांत पहिल्यांदा जिंकलो, आणि तुम्ही हरा म्हणून राहिले? इतक्या जोरात म्हटलं की बाजूची टीम पाहायला लागली. सरांनी इकडे-तिकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी म्हटलो का? मी नाही म्हटलो."

कॉलेजच्या बाजूलाच एक लग्नाचा लॉन. संध्याकाळी पाहतो तर रस्त्यावर गाड्याच गाड्या, हॉर्नच हॉर्न, नवरदेवाचा घोडा मध्ये अडकलेला, आणि लॉनचा मॅनेजर कपाळाला हात लावून उभा. आचलनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. दोन मिनिटांत बारा जणी भगव्या जर्सीत, हातात बॅटा. "ओ दादा, लाईनीत लावा! ओ काका, आडवी नाही, उभी लावा!" घोडा निघाला! मॅनेजर धावत आला, "मॅडम, आप लोग किस कंपनी से?" मी पाठ फिरवली. त्यानं वाचलं, "राईस मिल?" म्हटलं, हाव, पार्किंगबी करतो. पण जेवण लागते. तेरा जणांचं.

जेवलो! पनीर, जिलेबी, आईस्क्रीम. सर पंगतीत असे बसले जसे मुलीकडचे मामा. आचार्‍यानं तीन वेळा वाढलं आणि मामाचा नंबर पाठीवरून उतरवून घेतला.

४ डिसेंबर

पुन्हा जिंकलो!! ह्या पोरींच्या पिचरची दिशा बरी होती, पण एक-एक करत तीपण थकली. आम्ही उभे. सहा–पाच. आता फायनल! आमची! कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. आनंदानं मी खुशीला उचललं आणि दोघी पडलो.

आणि पुन्हा तोच प्रश्न. आज लॉनवर लग्न नाही. सर वर्गाच्या कोपऱ्यात बसून खिसे उलटे करून पाहून राहिले. तेवढ्यात मामाचा फोन. मला वाटलं, ओरडणार. तर मामा म्हणतो, "रेणू बेटा, क्या कर रही है तू वहाँ? सकाळपासून नागपूरचे फोन! एक कॅटरर, दोन किराणावाले, एक बाई तर म्हणे तुमच्या मुलींचा खेळ पाहून फोन लावला. उसना पाहिजे, अरवा पाहिजे!" मी म्हटलं, मामा, उद्या फायनल आहे, पण खायला पैसे नाहीत, आम्ही परत निघतो बहुतेक. मुद्दामच म्हटलं! पलीकडून मामा ओरडला, "खबरदार निघाली त! खेळ!"

पाच मिनिटांत मोबाईलवर पैसे. आज साधं जेवलो आणि उरलेल्यातून एक चेंडू घ्यावा का, असं मनात आलं. नाही घेतला. पोरींना केळी घेतली.

५ डिसेंबर

कसं लिहू! हसू का रडू!

फायनलची पिचर सरळ टाकणारी. एकेक चेंडू स्ट्राईक. आता उभं राहून चालणार नव्हतं, मारावंच लागणार. मी मारले दोन, खुशीनं एक. शेवटची इनिंग, आम्ही एका धावेनं मागे, दोन आऊट. खुशी तिसऱ्या बेसवर. बॅटीला आचल. मी तिच्या कानात ओरडली, "मार! आज दंड नाही! मार!"

आणि तिनं मारला. माय वं, काय मारला! कुंपण ओलांडून पलीकडच्या झुडपात. दोन धावा, आम्ही चॅम्पियन! सगळे उभे राहिले. आता फक्त चार बेसला पाय लावत फिरून यायचं. चालत आली असती तरी चाललं असतं. रांगत आली असती तरी!

आचल बॅट टाकून सरळ चेंडूमागे पळाली. कुंपणावर चढली. उडी मारली. आम्ही गळा फाडून ओरडून राहिलो, "आचल, बेस! बेस!" तिला ऐकूच येईना. दोन महिन्यांची सवय! अंपायर वाट पाहून पाहून थकले. बेसवर गेलीच नाही म्हणून तिसरी आऊट. बॅटवालीच पहिल्या बेसआधी आऊट, म्हणून खुशीची धावपण गेली. खेळ खलास.

मग आचल कुंपणावरून परत आली. केसांत काटे, हात वर, चेंडू हातात, चेहरा असा फुललेला — "सापडला वं रेणू! सापडला!"

मला तिला मारायचं होतं, खरंच. पण ती इतकी खूश होती! मग खुशी हसली, मग मी, मग सगळ्याच. मैदानात लोळून हसलो. सर बाजूला तोंड करून उभे होते, ते हसत होते का रडत होते, कळलं नाही. आचलला समजलं तेव्हा ती मात्र रडली. तिला मीच पोटाशी धरलं. दंडाचा नियम माझाच होता ना.

पण तो चेंडू आयोजकांनी परत नाही मागितला. एक चेंडू वाढला!

६ डिसेंबर

उपविजेत्यांची ढाल. लाकडी, माझ्या छातीएवढी. एसटीत कंडक्टरनं आमची अर्धी तिकिटं फाडली आणि ढालीकडे बोट दाखवून म्हणाला, "हिचं लगेज लागन." सर भांडले, "अरे, पोरींनी जिंकून आणली!" कंडक्टर म्हणाला, "हरून आणली असती तरी लगेज लागन." साकोलीपर्यंत सर त्याच्याशी बोलले नाहीत. आई घरी ढाल पाहून म्हणाली, "हे ठेवाचं कुठी?" पण शेजारच्या सुशीलाबाईंना स्वतः बोलावून आणलं तिनं, दाखवायला.

१५ डिसेंबर

कॉलेजमध्ये सत्कार. शाल, श्रीफळ. बारा जणींत शाली तीन, आळीपाळीनं घेऊन फोटो काढले. प्राचार्यांचं भाषण: "या मुलींनी दाखवून दिलं की जिद्द असली की पैसा लागत नाही!" टाळ्या. मीच सगळ्यांत जास्त वाजवल्या, मूर्ख!

भाषणानंतर सरांनी बाजूला घेऊन सांगितलं. मीटिंगमध्ये ठरलं आहे — पुढच्या वर्षी बेसबॉलला एक रुपया नाही. पैशाशिवाय फायनलला जातात, मग द्यायचे कशाला? आमचे सहा हजार क्रिकेटला. आणि मंडईचा स्टँड बेसबॉलच्या मुलींनीच चालवायचा, पण त्यातला अर्धा हिस्सा कॉलेजच्या खात्यात. क्रिकेटला बूट कमी पडले म्हणे!

थेट केबिनमध्ये शिरली. म्हटलं, सर, हे काय? प्राचार्य खूप गोड हसले. "तुले काय करायचं बाई? तू त चालली मिलमध्ये."

खरंच आहे. मला काय करायचं? आचल आहे, खुशी आहे, अजून दोन वर्षं आहेत त्यांची. त्या पाहतील. खुशीला तर धड गुणाकार येत नाही. मी तर चालली गोंदियाला.

१६ डिसेंबर

सकाळी कॉलेजच्या ऑफिसात विचारून आली. एम.कॉम. दोन वर्षांचं असते. आईला अजून सांगितलं नाही.